एलीमच्या झऱ्याचं सुतक

बायबलमध्ये एलीमच्या वाट्याला जेमतेम एक वाक्य आलं आहे. इस्राएल लोक मिसरातून निघाले, समुद्र ओलांडला, मारा नावाच्या ठिकाणी पाणी कडू लागलं म्हणून त्यांनी मोशेच्या नावाने खडे फोडले. मोशेने एक लाकूड पाण्यात टाकलं आणि पाणी गोड झालं. मग ते एलीमला आले. तिथे बारा झरे होते, खजुरीची सत्तर झाडं होती. त्यांनी पाण्याजवळ तळ दिला. संपलं. अरण्यातल्या त्या लांबलचक भटकंतीत एलीमला कोणी कुरकुरत नाही, कोणी मरत नाही, देव कोणावर रागावत नाही. सांगण्यासारखं काही घडलंच नाही, म्हणून एकाच वाक्यात काम भागलं असावं.

मी पाहिलेलं एलीम न्यूझीलंडमध्ये आहे. टौरंगापासून आत, किवीफळांच्या बागा संपून डोंगर सुरू होतो तिथे. कोण्या धार्मिक गृहस्थाला तिथे झरे दिसले, खजुरीच्या जातीची निकाऊची झाडं दिसली आणि त्याने नाव देऊन टाकलं. आज तिथे चर्चचा एक कॅम्प आहे. २०१७ च्या जानेवारीत आम्ही तिघीजणी तिथे गेलो. चौथा डब्यात होता.

अप्पर हट

डबा स्टीलचा होता, कडीचा. मी तो ओळखला.

"सुलू, हा लाडवांचा डबा ना?"

"हो. क्रेमेटोरियममधून प्लॅस्टिकच्या खोक्यात दिलं होतं, वर बारकोड. मला बघवेना."

सुलभा माझी धाकटी बहीण, वेलिंग्टनजवळच्या अप्पर हट गावी राहणारी. तिचा नवरा अविनाश आदल्या हिवाळ्यात गेला. ट्रेनने वेलिंग्टनला ऑफिसला जाताना छातीत दुखलं, पुढच्या स्टेशनवर उतरवलं, तिथेच संपलं. माझा व्हिसा येईपर्यंत सगळं उरकलं होतं. तेव्हापासून अविनाश वॉशिंग मशीनच्या वरच्या कपाटात होता. देव्हाऱ्याजवळ ठेवता येत नव्हतं आणि गॅरेजमध्ये ठेववत नव्हतं.

त्याने आपली व्यवस्था फार पूर्वी, जेवताना सांगून ठेवली होती. "मला नाशिकला नेऊन रांगेत उभं करू नका. एलीमला सोडा." या देशात आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात ऑफिसातला कोणी त्याला त्या कॅम्पला घेऊन गेला होता. धर्म त्याने तिथेच काय, कुठेच घेतला नाही. पण त्या पाण्यात पोहायला तो दर जानेवारीत बायको-मुलीला घेऊन जायचा. त्याची ही एवढी एक इच्छा पुरी करायची, यासाठी सुलूने माझी वाट पाहिली होती. ती झाल्याशिवाय तिला नीट झोप लागणार नव्हती, हे तिने मला फोनवर दोनदा सांगितलं होतं.

निघायच्या दिवशी सकाळी माझी भाची इरा, जन्माने तिथली, डिक्कीत सामान लावता लावता म्हणाली, "मम, हेनीला ईमेल केलीस ना? अबाउट डॅड? यू हॅव टू आस्क."

हेनी म्हणजे कॅम्पच्या विश्वस्तांपैकी एक.

"करते गं," सुलू म्हणाली आणि डबा मागच्या सीटवर माझ्या शेजारी ठेवून त्याला सीटबेल्ट लावला.

इरा डिक्कीत वाकलेली होती, तिला आईचा चेहरा दिसत नव्हता. मला दिसत होता. ईमेल गेलेली नव्हती.

डेझर्ट रोड

उत्तरेकडे जाताना मध्ये खरोखरच डेझर्ट रोड नावाचा रस्ता लागतो. वाळवंट नव्हे, तपकिरी गवताचं उजाड पठार, एका बाजूला बर्फ घातलेला ज्वालामुखी. वस्ती नाही, झाड नाही. इस्राएल लोकांनी इथे नक्कीच तक्रार केली असती. वळणावर डबा माझ्याकडे कलला की मी नकळत हात लावून सरळ करत होते.

टाउपोच्या तळ्याकाठी थालीपिठं काढली. इराने फिश अँड चिप्स आणले. मी लोणच्याची बाटली उघडेपर्यंत एका समुद्रपक्ष्याने माझ्या हातातलं थालीपीठ उचललं, एक घास घेतला आणि टाकून दिलं. मी मनाला फार लावून घेतलं नाही. भाजणी आणून महिना झाला होता.

"आई गं," इरा हसत म्हणाली. सुलूही हसली, आणि लगेच गाडीकडे बघायला लागली. गाडीत कोणाला तरी एकटं ठेवून आल्यासारखी.

एलीम

कॅम्पच्या कमानीवर रंगवलेलं आहे: बारा झरे, सत्तर खजुरी. मी जन्मभर कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं मोजली आहेत, म्हणून संध्याकाळी चहा झाल्यावर फिरून आले. झरे तीन होते. चौथी जागा नुसती ओली होती. निकाऊची झाडं बरीच होती, पण सत्तर म्हणायला खूप श्रद्धा लागली असती. बाराचा आकडा भरून काढायला लाकडी खोल्यांना इस्राएलच्या बारा वंशांची नावं दिली होती. आम्ही इस्साखारमध्ये होतो. रऊबेनच्या दाराला 'नादुरुस्त' अशी पाटी होती.

त्या आठवड्यात एक पाहुणे धर्मोपदेशक आले होते. दाढी कोरलेली, गालाला चिकटवलेला माइक. भोजनगृहात चमचे कुठे ठेवायचे हे सांगायलाही ते माइक काढत नसत. शनिवारी दुपारी ओढ्याच्या डोहात काही तरुणांचा बाप्तिस्मा होणार होता. त्यासाठी बाहेर खुर्च्या, रिबिनी, ड्रम असा सगळा मांडव पडला होता. येशूला बाप्तिस्मा देणाऱ्या खुद्द योहानाला नदीकाठी एवढी सोय नव्हती.

हेनी स्वयंपाकघराच्या दारात भेटली. पिकलेले केस, हनुवटीवर गोंदण, निवृत्त मुख्याध्यापिका. ती त्याच गावची, तिथल्या मूळच्या माओरी लोकांतली, आणि लहानपणापासून या चर्चची. "किया ओरा, सुला!" म्हणत तिने सुलूला जवळ घेतलं. मग त्यांच्या रीतीप्रमाणे माझ्या कपाळाला कपाळ, नाकाला नाक लावलं. माझा चष्मा मध्ये आला आणि तिच्या भुवईला लागला.

"तू थोरली बहीण," ती भुवई चोळत म्हणाली. "दिसतंच आहे."

मग सुलूचा हात हातात घेऊन म्हणाली, "अविनाश भांडी घासताना गायचा. फार वाईट गायचा. कळवलं असतंस तर आम्ही आलो असतो गं. गाडी भरून आलो असतो."

हीच वेळ होती. मी सुलूकडे बघितलं. ती म्हणाली, "थँक यू, हेनी," आणि आमच्या खोलीकडे चालू लागली.

"विचारलं का नाहीस?" मी दार लावून विचारलं.

"आणि नाही म्हणाली तर? मग काय करू ताई, परत कपाटात ठेवू?"

वरचा झरा

दुसऱ्या दिवशी सकाळी इरा आंघोळीच्या रांगेत असताना सुलू डबा, तांदूळ, तीळ आणि रस्त्यात एका डेअरीतून घेतलेली शेवंतीची फुलं घेऊन उठली. डेअरी म्हणजे तिथलं कोपऱ्यावरचं दुकान. दूध त्यात सर्वांत मागे असतं.

"डोहातच सोडू ना? तो तिथेच पोहायचा," मी म्हटलं.

"तिथे पोरं पोहतात, दुपारी तो कार्यक्रम आहे. लोकांच्या अंगाला लागेल असं कसं सोडायचं? वर जाऊ. उगमाशी."

मला हे पटलं. मी धार्मिक नाही, पण उगम म्हटलं की आपल्यातल्या नास्तिकाचेही हात जोडले जातात. लोक वापरतात ते पाणी टाळावं, सर्वांत वरचं, सर्वांत स्वच्छ पाणी शोधावं, यात आम्हाला दुसऱ्याचा विचारच दिसत होता.

पायवाटेवर उपदेशकांचा तरुणवर्ग दोरीखेच खेळत होता, माइकसह. म्हणून आम्ही गाईंच्या कुरणातून गेलो. वर तारेचं कुंपण लागलं. गाईंसाठी असणार. सुलूने तार उचलून धरली, मी वाकून आत गेले, मग मी धरली.

झरा काळ्या दगडातून निघत होता, नेच्याच्या झाडांखाली, आवाज न करता. पाणी इतकं नितळ की तळाची वाळू उसळताना दिसत होती. सुलूने चप्पल काढली. तीळ-तांदूळ सोडले, फुलं सोडली. मंत्र कोणालाच येत नव्हता. "अविनाश, आलो बघ," एवढंच म्हणून तिने डब्यात हात घातला आणि मूठ पाण्याखाली नेऊन उघडली.

पांढरा ढग झाला. तो क्षणभर जागेवर थांबला, मग हलला. खाली ओढ्याकडे नाही, बाजूला. मी वाकून पाहिलं. दगडाआड काळ्या पाइपचं तोंड होतं, त्याला जाळी. ढग त्या जाळीतून आत गेला. एक शेवंती जाळीला चिकटून राहिली.

"मम! स्टॉप! मम!"

खोलीत डबा नाही हे बघून इरा पायवाटेच्या बाजूने वर पळत आली होती, केस ओले, पायात जँडल्स, म्हणजे तिथल्या रबरी चपला. तिच्या बाजूला फाटक होतं आणि फाटकावर पाटी, आम्ही आलो त्या बाजूने न दिसणारी. पिण्याचं पाणी. प्रवेश नाही. वर माओरीत आणखी काहीतरी.

"किती टाकलंस? मम, किती?"

"एक मूठ," सुलू म्हणाली. तिची मूठ अजून ओली, पांढरी होती.

"हे सगळ्यांचं पाणी आहे. कॅम्पचं, खाली हेनीच्या मराएचं, त्यांच्या सभामंडपाचं, त्यांच्या घरांचं. आणि त्यांच्यात मेलेल्या माणसाचं काहीही पाण्यात, अन्नात... इट्स टापू, मम. म्हणजे पाणी अशुद्ध नाही, म्हणजे..." तिला मराठी सापडेना. "ते पाणी ते पिऊच शकत नाहीत. आय टोल्ड यू टू आस्क!"

सुलू डबा छातीशी धरून खाली बसली.

मी माझ्या परीने शहाणपणा केला. म्हटलं, "हे बघा, राख म्हणजे क्षार. भट्टीतून निघालेली. एवढ्या पाण्यात मूठभर. कोणाला काही होणार नाही. फूल काढून घेऊ आणि गप्प बसू. कळलं नाही तर कोणाचं काय बिघडलं?"

ग्रंथालयात पान फाडताना सापडलेल्या माणसाकडे मी पाहत असे, तसं इराने माझ्याकडे पाहिलं.

"मावशी, इट्स नॉट केमिस्ट्री. पाइपमधून डॅड त्यांच्या चहात जाणारे."

खालून भोजनगृहाची घंटा ऐकू आली. सकाळच्या नाश्त्याची. म्हणजे किटल्या भरल्या जात होत्या.

सुलू उठली. "ताई, मला जमणार नाही," ती म्हणाली, आणि चालायला लागली, अनवाणीच. मी चपला उचलून तिच्या मागे गेले. तिला काय जमणार नव्हतं, गप्प बसणं की सांगणं, ते मला खाली पोचेपर्यंत कळलं नाही. "सांगितलं की आपल्याला घालवतील," ती वाटेत पुटपुटली. "आणि घालवावंच त्यांनी."

भोजनगृह

हेनी पाव कापत होती. सुलूने तिला एका दमात सांगितलं, इंग्रजीत, क्रियापदं सोडून. हेनीने सुरी खाली ठेवली. माझ्या नोकरीत रागावलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. गप्प होणाऱ्यांची भीती वाटते. तिने हात पुसले, मागच्या दाराबाहेर गेली आणि भिंतीवरचा मोठा वॉल्व्ह दोन्ही हातांनी फिरवून बंद केला. नळातली धार बारीक होत थांबली. मग तिने थोरल्या भावाला फोन केला, माओरीत. त्यात अविनाशचं नाव आलं.

"किती जण प्यायलेत?" तिने आत येत विचारलं. नाश्त्याला लोक बसलेच होते. ती टेबलांमधून फिरली, आणि स्वयंपाकघरातल्या बायकांनी न विचारता तिच्या मागोमाग पाण्याचे जग, किटल्या, मुलांचे पेले उचलायला सुरुवात केली. सगळं बाहेर नेऊन गवतावर ओतलं. शंभर माणसांसमोरून पाणी उचललं जात होतं आणि कोणाला काही कळत नव्हतं. पोहायचे टॉग्ज घालून, टॉवेल गळ्यात टाकून पोहायला निघालेली मुलं दारात थबकली.

"झऱ्यात मानवी राख गेली आहे," हेनी सगळ्यांना म्हणाली. तिला माइक लागत नव्हता. "माझा भाऊ येऊन प्रार्थना करेल. तोपर्यंत आणि त्यानंतर काही दिवस झऱ्यावर आणि ओढ्यावर राहुई आहे. कोणी त्या पाण्यात उतरणार नाही, त्यातलं पिणार नाही."

उपदेशक उठले. त्यांचा माइक चालूच होता, त्यामुळे त्यांची समजूतदार कुजबुज सगळ्या भोजनगृहाने ऐकली. आजचा बाप्तिस्मा महिनाभर आधी ठरलेला आहे. लोक लांबून आले आहेत. जुन्या समजुतींचा आदर आहेच, पण आपण ख्रिस्ती माणसं. आणि हे केलं कोणी, ते आधी कळायला हवं.

हेनी म्हणाली, "कोणी केलं ते मला माहीत आहे. तेवढं पुरे."

तिथेच ते मिटलं असतं. माझ्या शेजारची खुर्ची सरकली. सुलू उभी राहिली. तिच्या पायाला चिखल होता, हातात तो लाडवांचा डबा.

"मी केलं," ती म्हणाली. "माझा नवरा. अविनाश. त्याला इथे यायचं होतं. मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. आम्ही... आम्ही आपली माणसं पाण्यात सोडतो. सर्वांत चांगल्या पाण्यात."

ती खाली बसेना. मी तिचा पदर धरणार होते, पण ती जीन्समध्ये होती. मी शर्टाचं टोक धरलं.

उपदेशकांनी तोंड उघडलं. हेनीने त्यांच्याकडे वर्गातल्या मागच्या बाकाकडे बघावं तसं पाहिलं. "तुम्ही पाहुणे आहात. तीही पाहुणीच. तिने मला येऊन सांगितलंय." मग सुलूकडे वळून विचारलं, "तो अजून त्यात आहे?"

सुलूने 'हो' अशी मान हलवली.

"मग त्याला असा हातात धरून उभी राहू नकोस. बस."

राहुई

दिवसभर ऊन रणरणत होतं. डोहाशी खुर्च्या आणि रिबिनी तशाच होत्या. हेनीचे भाऊ काठी टेकत झऱ्यापर्यंत गेले, फाटकाबाहेर उभं राहून बराच वेळ प्रार्थना म्हणत राहिले. आम्ही तिघी खाली उभ्या होतो. आम्हाला जवळ बोलावलं नाही, जा असंही म्हटलं नाही. टौरंगाहून पाण्याचा टँकर आला. मुलं सावलीत पत्ते खेळली. एक मुलगा ओढ्याकडे निघाला, त्याची आई ओरडली, "माणूस गेलंय ना त्यांचं!" तो परत फिरला.

मी इस्साखारच्या पायरीवर बसून ते ऐकलं, आणि मला एकदम कळलं मी काय बघते आहे. हे सुतक होतं. अविनाश गेला तेव्हा ऑफिसने सुलूला थोडी रजा दिली, सहकाऱ्यांनी कॉफीच्या मशीनपाशी सॉरी म्हटलं, आणि ती कामाला लागली. भारतात आम्ही आमच्या घरात पाळलं असेल ते पाळलं. पण तो ज्या देशात राहिला तिथे त्याच्यासाठी कोणाचं काही थांबलं नव्हतं. आज शंभर अनोळखी माणसं, त्यातली बरीचशी चिडलेली, त्याच्यामुळे पाण्याला शिवत नव्हती. हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. मी सुलूला सांगितलं. ती तेव्हा पहिल्यांदा रडली, आवाज करून.

संध्याकाळी हेनी आली आणि आमच्या पायरीवर बसली.

"भावाशी बोलले. वर टेकडीवर आमची दफनभूमी आहे. माझे आईवडील आहेत, कॅम्प सुरू करणारेही तिथेच. त्याला तिथे जागा आहे."

"आम्ही पुरत नाही," सुलू चटकन म्हणाली.

"आम्ही माणूस पाण्यात टाकत नाही," हेनी म्हणाली.

मला पहिल्यांदाच काही शहाणपणाचं सुचलं नाही, ते बरंच झालं.

"परत न्यायचा असेल तर ने," हेनी उठता उठता म्हणाली. "मी रागावणार नाही. मी आत्ताच पुरेशी रागावलेली आहे." जाता जाता मला म्हणाली, "झाडं मोजत होतीस काल. सत्तर नाहीत. बोर्ड रंगवणाऱ्याने पुस्तक वाचलं होतं, झाडं नव्हती पाहिली."

टेकडी

सकाळी सुलूने मला उठवलं तेव्हा तिची आंघोळ झाली होती, टँकरच्या थंड पाण्याने.

"ताई, त्याला इथे राहायचं होतं. पाण्यातच, असं तो म्हणाला नव्हता. ते मी धरून चालले."

"विधीचं काय?"

"तू विचारतेयस?"

खड्डा हेनीच्या भावाने आखून दिला होता, इराने खणला. सुलूने डबा कलंडवला नाही. मूठ-मूठ करून ठेवलं, शेवटी ओंजळीने माती सारली. राहिलेली शेवंती वर ठेवली. तिथून खालची निकाऊची झाडं दिसत होती, आणि डोह, रिकाम्या खुर्च्यांसकट. हेनीने प्रार्थना म्हटली. मग तिने सुलूकडे पाहिलं, आता तुझी पाळी असं. सुलूने अविनाश भांडी घासताना म्हणायचा ते गाणं म्हटलं, एक ओळ. तीही वाईटच गाते.

परतताना आम्ही मागे होतो. दफनभूमीच्या फाटकापाशी हेनी थांबली, वळली. तिच्या हातात डेअरीतून आणलेली पाण्याची प्लॅस्टिकची बाटली होती, कारण झरा बंद होता. तिथून बाहेर पडताना हात धुवायचे असतात, ही त्यांची रीत. इरा तसं सांगायला पुढे झाली.

सांगावं लागलं नाही. बाटली दिसताच सुलूने रिकामा डबा माझ्याकडे दिला, आणि स्मशानातून परतल्यावर माणसं दारात उभी राहतात तशी दोन्ही हात पुढे करून उभी राहिली. हेनीने पाणी घातलं. सुलूने हात धुतले, डोळ्यांना पाणी लावलं. मग ओल्याच हातांनी तिने हेनीकडून बाटली घेतली आणि हेनीच्या हातांवर पाणी घातलं.